पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट

प्रिय डेलिया,

पाय रेघेच्या आतच होता. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना म्हाताऱ्याचं मन वळलं की काय, अशी शंका तुला यायला नको. आपल्या संघाच्या त्या पोराने चेंडू हवेत झेलला, डावा पाय गवतावर टेकवला, पांढऱ्या रेघेच्या चांगला आत, आणि मग तो बाहेर कोसळला. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये झेल घेताना एक पाय आत टेकला की पुरे, हे मला तू शिकवलेलं नाहीस, तुला मी शिकवलंय. पंच म्हणून तू हात हलवून टचडाउन नाकारलंस, आपले सहा गुण बुडाले, वर रिप्लेच्या खोलीत बसलेल्यांनी पुन्हा पुन्हा बघून तुझीच री ओढली, आणि आपलं कोल्टर कॉलेज हरलं. तेही मार्लोकडून. हरायचंच होतं तर जगात दुसरी कॉलेजं नव्हती का?

तू कुणाचेच फोन घेत नाहीस, म्हणून हा कागद. तुझ्या आईकडून तुझी एक बातमी कळली आहे, तिच्याकडे शेवटी येतो. आधी गावाचं ऐक. गाव तुझ्यावर खवळलंय, आणि तू हाताशी नाहीस म्हणून मी सापडतोय. न्हाव्याने माझे केस कापले, पण तोंडातून शब्द काढला नाही. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी क्षमेवर प्रवचन दिलं आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होते. पंच चुकतात म्हणून लोक चिडले तर मला चालतं, मीही चिडलोय. पण आता नवीनच टूम निघाली आहे. बापाच्या गावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून डेलिया प्रुइटने मुद्दाम उलटा निर्णय दिला, असं म्हणतात. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

यांना तू माहीत नाहीस. चर्चच्या सहलीत बेसबॉल खेळताना तुला पंच केलं होतं, आठवतं? जेमतेम कमरेएवढी होतीस. मी धापा टाकत धावत आलो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तू शांतपणे मला बाद दिलंस. मी हुज्जत घातली, लाडीगोडी लावली, शेवटी आइस्क्रीमचं आमिषही दाखवलं. तू म्हणालीस, "डॅडी, मला दिसलं तेच मी सांगितलं." पीचची गोड पेस्ट्री पानात पडेपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. मार्लोच्या सामन्यातही तुला दिसलं तेच तू दिलंस. चुकीचं दिसलं, ही गोष्ट वेगळी.

आता परवाच्या शनिवारचं. स्टेडियमच्या मागच्या मैदानात सामन्याआधीच्या जेवणासाठी नेहमीप्रमाणे सकाळीच आमच्या गाड्या लागल्या, मी निखारे पेटवले, डुकराचं मांस चढवलं. पंचांमुळे सामना हरलो की पुढच्या शनिवारी पंचाचा काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट निखाऱ्यांवर जाळायचा, हा आमचा रिवाज तुला ठाऊकच आहे. लहानपणी त्याभोवती तू नाचली आहेस. या वेळी माझ्या शेजारी गाडी लावणाऱ्या रॉस्कोने शर्ट आणला तो पाठीवर मोठ्या अक्षरांत 'प्रुइट' लिहून. आणि पेटवण्याचा मान नेहमीसारखा माझा, म्हणून माझ्याच हातात दिला. सगळे कोल्टरच्या हिरव्या टोप्या घालून गोल उभे. कुणी माझ्याकडे नीट बघत नव्हतं.

रॉस्को म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस, वेंडेल. पंच तो पंच. रिवाज आहे आपला."

मी म्हणालो, "रिवाज मीच पाडलाय. आजवर एकाही शर्टावर नाव नव्हतं. आणि हे नाव तर माझं आहे."

आणि तो शर्ट मी अंगात चढवला. पोटावर अडकला, श्वास आत घेऊन खाली ओढला. तुझी आई हसत सुटली, मग तिचे डोळे भरले. तसाच मी फाटकातून आत गेलो, आपल्या जागेवर जाऊन बसलो. काय हुर्यो उडाली म्हणून सांगू! मागून उकडलेल्या शेंगांचा मारा झाला. तुझी आई माझ्या कॉलरमधून शेंगा काढून सोलून खात होती आणि मागच्या रांगेला सांगत होती की मीठ जरा कमी पडलंय. त्यात पंचांनी आपल्यावर एक भलताच दंड लावला. मी उठून बेंबीच्या देठापासून ओरडलो. पंचाचा शर्ट घालून पंचांना आंधळे म्हणणारा मीच पहिला असेन. रॉस्को आता गाडी लांबच्या रांगेत लावणार म्हणतो. लावू दे. मी भाजायला नसलो की मांस त्याला करपवूनच खावं लागेल.

आता ती बातमी. हंगाम संपला की तू शिट्टी खाली ठेवणार, असं तू आईला सांगितलंस. सांगू नको म्हणालीस, तिने सांगितलं. म्हणून हे पत्र. पोरी, उद्या तुला रेघ दिसेनाशी झाली, गुडघे थकले, कंटाळा आला, तर खुशाल सोड, मी चकार शब्द काढणार नाही. पण आमच्या ओरडण्याने सोडू नकोस. ओरडायला आम्ही आहोतच, आमचं शनिवारी दुसरं काम काय? तू गेलीस तर ते मुद्दामवालं खोटं गावात कायमचं खरं होऊन बसेल. येत्या शनिवारी तुझा सामना नदीपलीकडे आहे ना? मी आणि तुझी आई येतोय, तू धावतेस त्याच बाजूची तिकिटं घेतलीत. दोन्ही संघांशी माझं काही देणंघेणं नाही. तरी पहिल्या शिट्टीपासून तुला आंधळी म्हणून ओरडणार आहे, घसा बसेपर्यंत. वळून बघायचं नाही. तुला दिसेल ते द्यायचं.

तुझाच,
डॅडी