बारावा शब्द भाऊजींकडे

ती. ताईच्या पायांशी, शिडीवरून उतरून आणि हात टर्पेंटाइनने पुसून केलेला नमस्कार.

तुझे गुडघे, भाऊजींचं पित्त आणि तुमच्या मांजरीचा स्वभाव, तिन्ही सुधारले असतील अशी आशा आहे. आम्ही मजेत आहोत. हिचा खोकला गेला, माझा चष्मा सापडला (कपाळावरच होता). भाऊजी चार वर्षं माझ्याशी बोलत नाहीत, तरी त्यांना नमस्कार सांग. ते घेणार नाहीत, पण पाठवणं माझं काम आहे.

पत्रास कारण की, माझ्या कामाची खोली मालक विकायला निघाला आहे आणि मी घेणार असेन तर त्याने मला महिनाअखेरची मुदत दिली आहे. तीस वर्षं या खोलीत मी दुकानांच्या पाट्या रंगवतोय. ती गेली तर शिडी घेऊन जाऊ कुठे? पण काळजी करू नकोस, पैसे आहेत. फक्त ते ज्या पेटीत आहेत तिला किल्ली नाही, शब्द आहेत. चार वर्षांपूर्वी कॉम्प्युटर क्लासच्या बाईंची पाटी रंगवली, तेव्हा त्यांनी मजुरी डिजिटल नाण्यांत दिली (मी हात पुढे केला, त्यावर त्यांनी काहीच ठेवलं नाही). ही नाणी दिसत नाहीत, वाजत नाहीत, पण वाढतात. पेटी मोबाइलमध्ये असते, आणि मोबाइल बिघडला तर बारा शब्द ओळीने सांगितले की ती दुसरीकडे उघडते. बाईंनी बजावलं होतं, की इथे बँक नाही, साहेब नाही, हरवलं तर अर्ज करायला खिडकीसुद्धा नाही. सगळी जबाबदारी तुमची. शब्द कागदावर लिहा आणि कुलपात ठेवा.

आता कागद माझ्याकडे टिकत नाही (आमच्या लग्नाच्या दाखल्याला मी ब्रश पुसले होते). म्हणून मी स्वतःची अक्कल चालवली. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात रंगारी सही करतो, तिकडे कोण बघतं? त्या वर्षी सगळी गल्ली नव्याने रंगत होती. मी सहीच्या जागी एकेक शब्द लिहीत गेलो. तोंडाशी न्हावी, तिथे 'कासव'. पुढे चष्मेवाला, तिथे 'शिडी'. असे दारोदार अकरा (हे दोन वाचून झाले की खोडून टाक). क्रम गल्लीने सांभाळायचा.

गेल्या आठवड्यात मोबाइल रंगाच्या डब्यात पडला. मी ऐटीत वही घेऊन गल्लीत गेलो, तर एकाही दुकानावर माझी पाटी नाही. सगळीकडे छापील, आतून दिवे लागणाऱ्या पाट्या. तशी एकेक पाटी उतरताना मी पाहिली होती, वाईटही वाटलं होतं. पण वाईट वाटण्याच्या नादात शब्दांचं ध्यानातच आलं नाही. न्हाव्याच्या बाकावर टेकलो, तर तो म्हणतो, "काय कासवराव, दाढी करायची का?"

तो मला कासव म्हणतो ते माझ्या कामाच्या वेगावरून, असं समजून मी आजवर मुकाट ऐकून घेत होतो. पण कोपऱ्यातला शब्द त्याला माझं नाव वाटला होता. चष्मेवाल्याला वाटलं शिडी, पुढच्याला आणखी काही. दुपारपर्यंत अकरा दारांत उगाच उभा राहिलो, अकरा हाका ऐकल्या आणि वही भरून घरी आलो. पाट्या गेल्या तरी अख्खी गल्ली अजून हाक मारते, याचं इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. बारावा शब्द तुमच्या दारावरच्या, भाऊजींच्या नावाच्या पाटीवर होता. तो प्राणी होता की भांडं, हेही मला आठवत नाही. 'माझ्या दारावर तुझी जाहिरात नको' म्हणून भाऊजींनी तो पॉलिशपेपरने घासून काढला, आणि तेव्हापासून अबोला आहे. पण घासताना त्यांनी तो वाचला असणारच, आणि गल्लीसारखे तेही रागाने मला त्याच नावाने ओळखत असणार. तेव्हा ताई, भाऊजी माझ्यामागे मला काय म्हणतात, तेवढं कळव. मला लागेल म्हणून तू चार वर्षं लपवलंस, हे मी जाणतो. पण आता गोड करून लिहू नकोस. सभ्य शब्दाने पेटी उघडणार नाही.

ता. क. २ यादी मोठी असेल तर सगळी पाठव. आम्ही एकेक लावून बघू. फोनवर मात्र सांगू नकोस, बाईंची मनाई आहे.

ता. क. ३ हिने पत्र वाचलं. ही म्हणते, भाऊजी देवमाणूस आहेत, ते पाठीमागे कुणाला नावं ठेवायचे नाहीत. तसं असेल तर ताई, खोली गेलीच.