चिंचेतले खिळे

३ नोव्हेंबर, सोमवार

ज्या आवारात साग, शिसव, आंबा आणि बाभूळ यांच्या फळ्यांच्या थप्प्या पत्र्याला टेकल्या आहेत, त्या आवारात पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या माणसाला बसायला प्लास्टिकची खुर्ची मिळावी, तीही तडा गेलेली, उठता-बसता मांडीला चिमटा काढणारी, या अन्यायाची दाद मागायची कुणाकडे? मी ती मालकांकडे, म्हणजे काळुरामशेठांकडे, रीतसर मागितली. ते म्हणाले, लाकराची खुर्ची दिली त मास्तर निजंल. विषय संपला.

बाकी पहिला दिवस उत्तम. शाळेत संस्कृतला मुलं उरली नाहीत, म्हणून मीही उरलो नाही. तेव्हा माझा जुना विद्यार्थी प्रफुल्ल भेटला आणि म्हणाला, सर, आमच्या सॉ मिलमध्ये या. वनखातं, महापालिका, सगळ्यांना पत्रं लिहायची असतात आणि आमच्या घरात कुणाला धड अर्ज लिहिता येत नाही. हे मला त्याच्या दहावीच्या पेपरांवरून आधीच ठाऊक होतं.

मिल मानपाड्याच्या मागे, एमआयडीसीच्या भिंतीला लागून. दोन मोठ्या चाकांवर दातेरी पोलादी पट्टा फिरतो, ओंडका ट्रॉलीवरून त्याच्याकडे सरकतो आणि पलीकडे फळी होऊन पडतो. घरची माणसं तीनच: काळुरामशेठ, त्यांचा थोरला मुलगा सुदेश, धाकटा प्रफुल्ल. दोघे भाऊ भुश्यात मांडी घालून एकाच ताटात जेवतात. शेवटचा घास कुणी घ्यायचा यावर रोज भांडण होतं, कारण दोघंही तो दुसऱ्याला देतात. करवत चालवणारा धाकू मूळचा संगमेश्वरचा, आता आंबिवलीला राहतो. पट्टा सुरू करण्याआधी ओंडक्यावरची पाल फुंकर मारून हुसकतो.

कोपरला घरी आलो तर योगिनीने दारातच थांबवलं. म्हणाली, केसात भुसा, मिशीत भुसा. अहो, नवरा पाठवला होता, खोकं परत आलं का? लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, ही अजून मला हसते आणि मी अजून तिच्या हसण्यावर जगतो. हे तिला सांगायची सोय नाही. लिहायची आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आज एक अजस्र ओंडका आला. गावाच्या वेशीवरची चिंच रस्ता रुंद करताना पाडली, तिचं हे बुंध्याचं खोड. उतरवायला क्रेन लागली. आडवं ठेवलं तरी पलीकडे उभा असलेला सुदेश मला दिसेना, आणि सुदेश काही किरकोळ माणूस नाही. पट्ट्याच्या जबड्यात एवढं मावत नाही. आधी साखळीच्या करवतीने उभं फोडायचं, फटीत पाचरी ठोकायच्या, अर्धुकं वेगळं झालं की मग ट्रॉली. कल्याणच्या एका मटणवाल्याला ठोकळे हवे आहेत. चिंच चिवट, सुऱ्याचे घाव खाते पण भुसा सोडत नाही, म्हणून खाटकाला दुसरं लाकूड चालत नाही.

अडचण एकच. प्रफुल्लने धातू शोधायचं यंत्र फिरवलं आणि ते केकाटायचं थांबेचना. खोड खिळ्यांनी भरलेलं. काही वर दिसतात, काही सालीने गिळलेत, काही फार आत. खिळा लागला तर धावता पट्टा तुटतो, आणि तुटलेला पट्टा नागासारखा उसळतो. म्हणून या मिलचा जुना दंडक आहे: खिळ्याचं लाकूड चिरायचं नाही, खिळा उपटायचाही नाही; तेवढा तुकडा खिळ्यासकट कापून स्मशानात फुकट द्यायचा.

या हिशेबाने अख्खी चिंच स्मशानात जाईल. प्रफुल्ल म्हणाला, बाबांचा दंडक पट्टा वाचवायला होता ना? मग खिळे उपटू. पट्टाही वाचेल, लाकूडही. काळुरामशेठांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला माणूस म्हणून मत विचारलं. मी म्हटलं, तर्क निर्दोष आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज आवारात लग्नघराची गडबड. नारळ फोडून पहिला खिळा काळुरामशेठांनी काढला. मग अंबूर, पक्कड, पहार, हाताला येईल ते घेऊन धाकू आणि दोघे भाऊ. खिळे कसले, लोहाराने घडवलेले चौकोनी, बोटाएवढे. डबा भरला. सुदेशने मला चिडवलं की सर, पेन सोडून कधी काही धरलंय का हातात? तेव्हा मीही अंबूर घेतलं. बाकीच्यांना घाम फुटत होता. माझा खिळा मात्र लोण्यातून निघावा तसा आला. भोकाभोवतीचं लाकूड काळं-जांभळं आणि ओलं. जिभेवर एकदम मिठाची चव आली. दमणुकीने येत असेल. मर्दुमकीची खूण म्हणून खिळा खिशात टाकला.

दुपारी काळुरामशेठांची थोरली बहीण बायजाआत्या काठी टेकत आली आणि डबा पाहून मटकन खाली बसली. तिने सांगितलेली हकीकत अशी. पूर्वी गावात कुणी आपल्याच माणसावर, भावावर, बायकोवर, आईवर कोयता उचलला, की चार जण त्याला धरून चिंचेपाशी नेत. हातात एक खिळा, एक दगड. राग संपेपर्यंत ठोकायचं. मग मागे न बघता घरी जायचं. राग झाडात, माणूस घरात. असं पिढ्यानपिढ्या.

काळुरामशेठ हसले. म्हणाले, अगो आक्के, तवा पोलीस चौकी कल्यानला व्हती. चालत जाईस्तवर राग उतरं. खिला सवस्त परला. आत्या हसली नाही. म्हणाली, काल्या, आपल्या बापाचा पन हाय यात. तो तरी ऱ्हाऊ दे. शेठ म्हणाले, कंचा तो सांग. तिला सांगता येईना.

डबा संध्याकाळी भंगारवाल्याकडे गेला.

१० नोव्हेंबर, सोमवार

धाकू उशिरा आला, डोळे सुजलेले. काल दुपारी त्याने बायकोच्या हातावर वरवंटा घातला. एकदा नव्हे. हाड दोन ठिकाणी मोडलं आहे, बोटांचं डॉक्टर अजून सांगत नाहीत. शेजाऱ्यांनी दार तोडलं म्हणून ती वाचली.

हा पालीला फुंकर मारणारा माणूस. मी त्याला पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं. रडत म्हणाला, सर, तिनं मिठागराची उघाडी रात्रीची उघडी टाकली, भरतीचं पाणी शिरलं, सगळं मीठ वितळलं, वर्षाचं गेलं सर. मी म्हटलं, धाकू, कसलं मिठागर? त्याच्या बापजाद्यांत कुणी मीठ पिकवलेलं नाही. बायकोने मिठागर डोळ्यांनी पाहिलेलं नाही. उघाडी हा शब्द, म्हणजे खाडीचं पाणी अडवायची झडप, त्याला कुठून आला हे त्यालाच सांगता येईना.

पोलीस त्याला दुपारी घेऊन गेले. जाताना त्याने करवतीला नमस्कार केला.

भाऊ आज वेगवेगळे जेवले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

लिहावं की नाही? लिहितो.

सकाळी योगिनीने पोहे पुढे ठेवले. मी ताटली भिंतीवर फेकली. ओरडलो की निवट्या कुठे आहेत? खाडीतून मी गुडघाभर चिखल तुडवून आणलेल्या निवट्या भावाला दिल्यास ना, रांडे?

आमच्या घरात सात पिढ्यांत मासळी शिरलेली नाही. निवटी हा चिखलात उड्या मारणारा मासा आहे, हे मी आज शब्दकोशात पाहिलं. दुसरा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला.

योगिनी आधी हसली. तिला वाटलं, नक्कल करतोय. मग माझ्या हाताकडे पाहून थांबली. हातात विळी होती. मी ती कधी उचलली—

विळी ठेवली. क्षमा मागितली. तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला. म्हणाली, नोकरी सोडा, भुसा मेंदूत गेलाय. हात थरथरत होता तिचा. ते पाहून मला वाईट वाटायला हवं होतं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

राजीनामा द्यायला गेलो होतो.

ओंडक्याचं शेवटचं अर्धुकं ट्रॉलीवर होतं, पट्टा चालू. भाऊ दोन बाजूंना. प्रफुल्ल म्हणाला की बांध तू सरकवलास. सुदेश म्हणाला, बांध माझ्या आज्याचा. दोघांच्या जन्माआधी विकलेल्या जमिनीचा बांध. आवाजही त्यांचे नव्हते. जाडे, म्हाताऱ्या माणसांचे.

प्रफुल्लने सुदेशचा दंड धरला आणि पट्ट्याला लावला. जसा ओंडका लावतात तसा, सावकाश, सरळ रेषेत. हात कोपराखालून तुटून पलीकडे फळ्यांवर पडला. सुदेश ओरडला नाही. उरलेल्या हाताने त्याने पाचर ठोकायचा घण उचलला. पहिला घाव जबड्यावर. प्रफुल्ल खाली बसला, तोंडातून दात आणि रक्त गळत असताना बांध, बांध म्हणत राहिला. दुसरा घाव डोक्यावर. मग सुदेश मोजणं शक्य नाही इतक्या वेळा मारत गेला, भुसा लाल चिखल होईपर्यंत. मग स्वतःच त्यात आडवा झाला. तुटलेल्या हातातून रक्त वाहतच होतं. रुग्णवाहिका येईपर्यंत तोही गेला.

काळुरामशेठ बटणापाशी उभे होते. हात बटणावर होता. त्यांनी ते बंद केलं नाही. झुंजीचे बैल बघावेत तसे बघत होते, मान हलवत, बरोबर, बरोबर असं म्हणत.

मी थांबा, थांबा ओरडत होतो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जबाब झाला. हवालदार म्हणाला, मास्तर, बाहेरचे हमाल सांगतात की तुम्ही 'मार' म्हणून ओरडत होता. सगळे तेच सांगतात.

काळुरामशेठ कोठडीत आहेत. भावाला डबा द्यायला गेलेल्या बायजाआत्याचा त्यांनी गजांतून गळा धरला. ती वाचली. बसक्या आवाजात मला म्हणाली, मास्तर, तुमी बी काढला ना? मी हो म्हटलं. विचारलं, परत ठोकला तर? म्हणाली, जित्या झाडात ठोकावा लागतो. आन् ज्याचा राग त्याच्याच हातानं.

ज्याचा राग, तो मेला. कधीच मेला. नाव कुणाला ठाऊक नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

खिशातला खिळा सोसायटीच्या कडुनिंबात ठोकून पाहिला. आत जाईना. लोखंड रबरासारखं परत येत होतं. सेक्रेटरी बाल्कनीतून ओरडले की झाडाला खिळे ठोकायला मनाई आहे. योग्यच आहे त्यांचं. तरी हातोडा घेऊन मी त्यांच्या जिन्यापर्यंत— तिसऱ्या मजल्यावर भानावर आलो.

खिळा खाडीत फेकला. काही फरक नाही. खिळ्यात आता काय उरलंय. जे होतं ते इकडे आहे.

योगिनीला म्हटलं, बदलापूरला भावाकडे जा. भाऊ हा शब्द उच्चारताच दात आवळले गेले माझे. ती म्हणाली, तुम्हाला असं टाकून? चहासुद्धा करता येत नाही तुम्हाला. नाही जात जा.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळ

आतल्या खोलीत. कडी बाहेरून लावून घेतली, तिच्याकडून शपथ घेतली की उघडणार नाही. ती दाराला टेकून बसली आहे. बांगड्या वाजतात. मला हसवायचा प्रयत्न करते आहे. म्हणते, अहो, प्रथमा विभक्ती आठवते का, की तीही विसरलात?

आठवते. राम कर्ता. पण इथे कर्ता दुसराच, माझा हात नुसतं साधन— असं काल वाटत होतं. आज तसं—

दुपार

ती रडते आहे. पाणी तरी घ्या म्हणते.

निवट्या कुठे—

नाही. नाही. पोहे होते. पोहे.

पलंगाचा पाय उपटला आहे. मी उपटला. आठवत नाही. हातात बरोबर बसतो.

नंतर

खरं लिहून ठेवतो, अक्षर चांगलं आहे तोवर. भुताची भीती नाही मला. कुणा मेलेल्या माणसाचा राग माझ्यात आहे, याचीही आता नाही. तो राग मला परका वाटत नाही, ही भीती आहे. सत्तावीस वर्षं ती मला हसली, त्यातलं एकेक हसू मी जपलं म्हणत होतो— जपलंच होतं, पण मोजून. मी योगिनीला मारीन याची भीती वाटते. त्याहून, मारताना बरं वाटेल, याची. बुधवारी तिचा हात थरथरला तेव्हा बरं वाटलं होतं.

कडी वाजते आहे. तांब्या घेऊन आली असेल. योगिनी, उघडू नको, शपथ घातलीय ना, उघडू न