पहिला डाव सोडायचा

प्रिय दादा,

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना ही बया कागद घेऊन कशाला बसली, म्हणशील. अक्षर माझं अजून तसंच आहे, मुंग्या चालल्यासारखं, आणि शाळा सुटल्यापासून एका दमात एवढं कधी लिहिलेलं नाही. चुका काढू नकोस. एकच ऐक, हे शेवटपर्यंत वाच. आणि तुला दुसरं कोणी वाचून दाखवत असेल, तर त्यालाही सांग की बाबा रे, घाई करू नकोस, मधलं काही गाळू नकोस.

बाळ बरं आहे. खालचे दोन दात आलेत, ते कुठे वापरायचे ते अजून कळलेलं नाही, म्हणून सगळीकडे वापरतं. माझं काम तेच. गाठोड्यातून शर्ट येतात, काजं आधीच केलेली असतात, बटणं मी लावते. खिडकीशी स्टूल, हातात सुई, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला. आठवतं का, जाताना तू म्हणाला होतास, तुझ्याही घरी पाळणा, माझ्याही कामावर पाळणा, फक्त माझा तिसाव्या मजल्यावर लोंबतो नि त्याला कोणी झोका देऊ नये. उंच इमारतींना बाहेरून काचा बसवणाऱ्या माणसाने असं बोलायचं असतं का? तेव्हा मी हसले होते. आता ते आठवलं की सुई बोटात जाते.

आई गेल्यावर तू माझी वेणी घालायचास आणि मला पत्ते शिकवायचास. वेणी तुला कधी जमली नाही, पत्ते जमले. म्हणून कामासाठी लांब गेलास तेव्हा माझ्या फोनवर तो पोकरचा खेळ टाकून दिलास. म्हणालास, रोज फोनवर काय बोलणार, जेवलीस का, जेवलो, संपलं. त्यापेक्षा माझी जेवणाची सुट्टी नि बाळाची दुपारची झोप एकाच वेळेला असते, तेव्हा टेबलावर भेटू. नऊ जणांचं छोटं टेबल, आत बसायचे पैसे एका चहाएवढे, सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, ज्याच्या संपल्या तो उठला. शेवटी तिघं उरतात त्यांना काहीतरी मिळतं. दोन पानं आपल्या हातात, पाच मधे सगळ्यांची. आणि प्रत्येकाच्या नावाशेजारी एक हिरवा दिवा, माणूस खेळात असेपर्यंत लागलेला. तू एकदाही माझी गय केली नाहीस. बहीण-भाऊ टेबलाखाली, म्हणायचास, टेबलावर सगळे परके. पण तुझा दिवा दिसला की मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

तू शिकवलेलं सगळं मला पाठ आहे. लिहूनच टाकते. स्वस्त टेबलावर येणारी माणसं जिंकायला येत नाहीत, पत्ते बघायला येतात. कोणी कंटाळलेलं असतं, कोणी बसची वाट बघत असतं, कोणाला साहेबाने झापलेलं असतं. त्यांच्याच्याने पानं टाकवत नाहीत. म्हणून सुरुवातीला आपण गप्प बसायचं, त्यांना एकमेकांची डोकी फोडू द्यायची. अशा माणसाला थाप कधी मारायची नाही, कारण थापेला घाबरायचं तर आधी विचार करावा लागतो. बहिऱ्याच्या कानात कुजबुजण्यासारखं ते. हातात खरंच चांगलं आलं की मात्र लाजायचं नाही, भरपूर लावायचं, आपल्याकडे काय आहे ते बघायच्या हौसेपायी तो देतोच. आणि इतका वेळ मुळूमुळू खेळणारा माणूस एकदम ढीग पुढे ढकलतो, तेव्हा तो खरं बोलतोय असं समजायचं, आपली जोडी कितीही गोंडस असो, टाकून द्यायची. चिप्स थोड्या उरल्या की कुरतडत बसायचं नाही. खेळलो नाही तरी आळीपाळीने चिप्स टाकाव्याच लागतात, ते बसल्या जागेचं भाडं वाढतच जातं, तेव्हा बऱ्यापैकी पान आलं की सगळ्या एकदम आत ढकलायच्या, मग जे होईल ते. एखादा डाव वाईट हरलो की उठायचं, पाणी प्यायचं, मग बसायचं. आणि सगळ्यांच्या आधी, पहिला डाव सोडायचा. पानं न बघता. नव्या घरी गेल्यावर माणूस आधी टेकतो, लगेच लोकांचे डबे उघडत नाही, असं तू म्हणायचास. तेवढ्या डावात बाकीचे कोण कसे आहेत ते बघून घ्यायचं. तुझ्या हातात दोन एक्के आले असते तरी तुला कळलं नसतं. मला त्याचं हसू यायचं. पण तू एकदाही चुकला नाहीस.

बाळ पालथं पडायला लागलं त्या सुमाराला तुझे फोन थांबले. नुसते लिहिलेले निरोप यायला लागले. कामात आहे. नंतर बोलू. ठीक आहे. तू कधी लिहायचास रे? तुझी बोटं काचेने कापलेली, त्यात तू बोलून मोकळा होणारा. मी फोन केला की कट व्हायचा. तरी मनाला समजावलं, काम वाढलं असेल. मग एका दुपारी टेबलावर तुझं नाव आलं, दिवा लागला, माझा जीव भांड्यात पडला. आणि पहिलाच डाव तू खेळलास. राणी आणि तिर्री घेऊन, शेवटपर्यंत, हरेपर्यंत. हरल्यावर पाणी प्यायला उठला नाहीस, पुढच्या डावात आणखी भिकार पानं घेऊन घुसलास. एकदा कसाबसा जिंकलास तर टाळ्यांचं चित्र पाठवलंस. मी सुई खाली ठेवली. माणूस लांबून चालत येताना तोंड दिसायच्या आधी चालीवरून कळतो ना, कोण ते, तसंच मला कळलं. तुझ्या नावाच्या खुर्चीत तू नव्हतास.

तेव्हापासून माझं काय झालंय ते कसं सांगू. जिन्यात पाय वाजले की कोणीतरी तुझी बातमी घेऊन वर येतंय असं वाटतं. पाय वरच्या मजल्यावर निघून गेले की हुश्श करते, आणि मग वाटतं, म्हणजे आजही काही कळलं नाही. अंगावरचं दूध आटलं, बाळाला वरचं सुरू केलं. बाळाच्या बाबांना सांगितलं, तर ते गोदामातून दमून आलेले, म्हणाले, अगं, माणूस चार दिवस वाईट खेळतो, म्हणून काय तो मेला? आणि स्वतःच जीभ चावली. ठेकेदाराच्या ऑफिसात फोन केला. तिथली बाई म्हणाली, हजेरीत नाव दिसत नाहीये, दुसरीकडे कामाला घातलं असेल, कळवते. तिने काही कळवलं नाही. बाळाला कडेवर घेऊन चौकीत गेले. साहेबांनी तुझे निरोप वाचले नि म्हणाले, ताई, हरवलेला माणूस नंतर बोलू असं म्हणतो का? मी म्हटलं, साहेब, त्याने पहिला डाव खेळला. त्यावर ते माझ्याकडे असे बघायला लागले की मीच उठून निघाले. शेवटी निरोपात विचारलं, मी कोण ते ओळख बघू. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, घर. तुझ्या फोनात माझा नंबर घर या नावाने आहे, ते मी स्वतः पाहिलंय. त्या माणसाला तेवढंच दिसत असणार.

मग सरळ का नाही विचारलं की तू कोण, माझा दादा कुठे आहे? दादा, मला भीती वाटली. विचारलं आणि फोन कायमचा बंद झाला तर? तुझ्यापर्यंत जाणारी ही एवढी एकच दोरी उरलीय, ती मीच हिसका देऊन कशी तोडू? म्हणून रोज दुपारी मुकाट टेबलावर बसते आणि त्याचा दिवा बघते. फार वाईट खेळतो रे तो. हातातलं काही सुटतच नाही त्याच्याच्याने. सगळ्यांत आधी बाद होतो, दिवा जातो, आणि मी दुसऱ्या दुपारपर्यंत बटणं लावत बसते. मग मी त्याला सांभाळायला लागले. तो डावात आला की माझं चांगलं असलं तरी मी टाकते. त्याचं संपत आलं की माझ्यातलं मुद्दाम हरून त्याला देते. तू बघितलं असतंस तर कान उपटला असतास. परवा आम्ही तिघंच उरलो होतो. त्याने सगळं आत ढकललं आणि माझ्या हातात दोन एक्के. दादा, दोन एक्के. अशा माणसासमोर अशी पानं यावीत म्हणून तर तू मला तासन्‌तास गप्प बसायला शिकवलंस. बाळाचे बाबा सुट्टी म्हणून घरी होते, मागून बघत होते, म्हणाले, घे, घे, आता काय मुहूर्त बघतेस? मी टाकले. ते म्हणाले, तुला वेड लागलंय. मी घेतलं असतं तर त्याचा दिवा माझ्याच हाताने गेला असता, हे त्यांना कसं सांगायचं? आणि त्या शहाण्याने पुढच्याच डावात सगळं तिसऱ्याला देऊन टाकलं.

काल मात्र वेगळंच झालं. टेबल भरलं, पानं वाटली, आणि तुझ्या नावाने पहिला डाव सोडला. बाळाचे बाबा रात्री म्हणाले, नेट गेलं असेल, आपोआप टाकली गेली असतील. पण नेट गेलं की नावाभोवतीचं घड्याळ पूर्ण फिरतं आणि मग पानं जातात, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. काल घड्याळ फिरायच्या आत पानं गेली. न बघता टाकावीत तशी. दुसऱ्या डावापासून पुन्हा तेच, गुलाम-दुर्री घेऊन घुसणं, टाळ्यांचं चित्र. म्हणजे त्या एका डावापुरतं शेजारी कोणीतरी होतं. कोणीतरी म्हणालं, सोड. नाहीतर त्याचं बोट चुकून पडलं, आणि मी इथे बसून एका चुकीच्या बोटावर इमले बांधतेय. मला दोन्हींची भीती वाटते, कुठली जास्त ते ठरवता येत नाही. त्या नादात एका शर्टाला बटणं उलट्या बाजूने लावून बसले.

आता भाऊ, दादाचा फोन ज्यांच्या हातात आहे त्या तुमच्याशी बोलते. दादाला स्वेटर पाठवायचा होता तेव्हा त्याने खोलीचा पत्ता दिला होता, त्या पत्त्यावर हे पाठवतेय, आणि पाकीट तुम्हीच फोडलंय असं धरून चालते. दादाला पाठ असलेलं मी एवढं सगळं का लिहिलं, ते कळलं का? ते तुमच्यासाठी लिहिलं. तसं खेळा. गप्प बसा, थापा मारू नका, चांगलं आलं तरच लावा, म्हणजे लवकर बाद होणार नाही. फोन तुमच्याकडे कसा आला ते मी विचारत नाही. सापडला असेल, घेतला असेल, त्यानेच दिला असेल, राहू दे तुमच्याकडे. दादा पडला असेल, कुठे निजून असेल, वाचा गेली असेल, तुम्हाला कोणी तोंड बंद ठेवायला सांगितलं असेल, माझ्या मनात सगळं येऊन गेलंय. याहून जास्त तुम्ही मला घाबरवू शकत नाही. फक्त कालचा पहिला डाव कोणी सोडला ते मला कळू द्या. तो जवळ असेल तर दुपारी फोन त्याच्या हातात द्या. हात उचलत नसेल तर त्याला विचारून तुम्ही बोट लावा. पहिला डाव सोडायचा हे आता तुम्हालाही माहीत झालं, तेव्हा त्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण शेवटी आम्ही दोघंच उरलो की तो एक गोष्ट करतो, ती मी या पत्रात कुठे लिहिलेली नाही. ती त्याला माहीत आहे आणि मला. तुम्हाला शेवटच्या दोघांपर्यंत आणायचं काम माझं, कितीही एक्के टाकावे लागले तरी. तिथून पुढे त्याला खेळू द्या. आणि तिथे तसं काही घडलं नाही, तरी लगेच उठू नका. थोडा वेळ दिवा तसाच राहू द्या.

दादा, दुपारी बाळाला निजवून बसते.

तुझीच,
घर