दोन चेकसम

सोमवार, ९ जून

बिल्ड अडकला! लिंकर म्हणतो, चेकसम नावाची दोन फंक्शनं आहेत, कोणतं घेऊ? लिंकर म्हणजे आमचे सगळे तुकडे जोडून एक प्रोग्रॅम करणारा. सहा वर्षांत त्याने अशी तक्रार केली नव्हती. एक चेकसम माझ्या नेटवर्क लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचात, दुसरं दादांच्या. दोन्हींचं काम एकच — आलेलं डेटाचं पॅकेट वाटेत बिघडलं का, ते तपासायचं. दोन्ही जुनी. कुणी हात लावलेला नाही. मग आजच का?

मंगळवार, १०

दादांना विचारलं. टीममधले सगळ्यांत जुने तेच.

"लिंकर आळशी आहे गं. पहिलं सापडलं की पुढे बघतच नाही."

"मग काल का बघितलं?"

"तू तुझ्या चेकसमच्या फाईलमध्येच नवं फंक्शन टाकलंस. ते आणायला त्याला अख्खी फाईल उचलावी लागली. मग दोन्ही चेकसम आली समोरासमोर."

किती सरळ! दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

बुधवार, ११

बैठकीत मी वीस मिनिटं बोलले. एका कामाला एकच धनी हवा. सवयीपोटी जुनं जपणं हा भित्रेपणा आहे. यातला शब्दन् शब्द मला पटलेला आहे. दादांची लायब्ररी काढून टाकायचं ठरलं. ती गेली की त्यांना इथे काम उरत नाही. दुसऱ्या विभागात पाठवतील. ते चष्मा पुसत बसले होते. वाईट वाटलं. पण मुद्दा बरोबर आहे.

गुरुवार, १२

काढून टाकली. बिल्ड झाला. चाचणीत निम्मी पॅकेटं नाकारली गेली — विषम लांबीची सगळी. जोडीत न बसलेला शेवटचा सुटा बाइट माझं चेकसम मोजतच नाही.

मग सहा वर्षं चाललं कसं? कुणाचं काय घेतलं, याची यादी लिंकर दर वेळी लिहून ठेवतो. जुन्या याद्या काढून बसले. प्रत्येक आवृत्तीत चेकसम दादांचं. माझं आज पहिल्यांदा चाललं.

शुक्रवार, १३

अकरा वाजता पुन्हा बैठक बोलावली आहे. त्याआधी दादांना सांगितलं.

"ठाऊक होतं. तेव्हा तू नवीन होतीस, म्हणून चूक न दाखवता लिंकरच्या रांगेत माझी लायब्ररी आधी लावून ठेवली."

"मग परवा का नाही बोललात?"

"तू थांबलीस कुठे?"