मशीन माळ्यावर टाकलं नाही

प्रिय झिपऱ्या,

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोनवरच बोलले असते, पण नजर गेल्यापासून तुझ्या बाबांचे कान इतके तिखट झालेत की मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी बाहेरच्या खोलीतून उत्तर येतं. आणि हे मला त्यांच्या अपरोक्षच तुला सांगायचंय.

मागच्या महिन्यात तू फोनवर म्हणालास, "आई, ते केस कापायचं मशीन आधी माळ्यावर टाक, बाबा कुणाचा तरी कान कापून ठेवतील." काळजीपोटीच बोललास, मला माहीत आहे. पण हे शेजारीच बसले होते. सगळं ऐकलं आणि हातातला चहा तसाच गार होऊ दिला. तू कॉलेजात जाईपर्यंत ज्यांनी तुझं डोकं दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही, त्यांना ते लागलं रे.

मशीन मी माळ्यावर टाकलं नाही. मात्र ते खरोखरच केस कापायच्या ऐवजी ओढायला लागलं होतं, म्हणून दुकानातून पात्यांची नवी जोडी आणली. म्हटलं, आपणच बसवू, दोन स्क्रू तर काढायचे, त्यात काय मोठं! जन्मभर शिवणकाम केलेली बाई मी, काठाला काठ जुळल्याशिवाय मला चैन पडत नाही. दोन्ही पाती अगदी टोकाला टोक लावून घट्ट आवळली आणि ऐटीत मशीन ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी दात्यांवरून अंगठ्याचं नख एकदाच फिरवलं आणि हसायलाच लागले. "अगं, ही काय ब्लाउजची बाही आहे का? हलणारं पातं जरासं मागे हवं, नाहीतर केसांबरोबर कातडीही घेईल."

मग स्वतःच बसले. घरंगळून हरवू नयेत म्हणून स्क्रू वाटीत टाकले. जुन्या टूथब्रशने आतला केसांचा भुगा झाडला. नखाने अंतर जोखत पातं सरकवलं, दोन्ही बाजूंना सारखं आहे ना ते पुन्हा पुन्हा चाचपलं, आवळलं, तेलाचा थेंब सोडला आणि मशीन चालू करून कानाशी धरलं. आवाज पसंत पडेना, पुन्हा उघडलं. मी मदतीला दोनदा हात पुढे केला, दोन्ही वेळा हातावर चापट बसली. कारखान्यात फिटर होते तेव्हा ह्यांना काम करताना मी कुठे पाहिलं होतं? डबा भरून दिला की माझं संपायचं. इतक्या वर्षांनी बघायला मिळालं, आणि खोटं कशाला सांगू, मला ह्यांचा फार अभिमान वाटला.

आता रोज सकाळी स्वतःच्या हातावर चालवून बघतात. डावा हात पार गुळगुळीत झालाय. परवा मीच मान पुढे केली, म्हटलं, मानेवरची लव काढा. आधी बोटांनी सगळं चाचपलं, मगच मशीन लावलं. इतका हलका हात, की संपलं तरी मी आपली मान खाली घालूनच बसलेले. एक ओरखडा नाही! दिवसभर शेजारणींना मान दाखवत फिरले. या वयात शोभतं का, असं एकीने विचारलंच.

पण डोकं अजून कुणाचंच हातात घेतलेलं नाही. शेजारचे काका आपण होऊन म्हणाले, तर त्यांनाही काहीतरी सांगून टाळलं. का ते मला कळतं. पहिलं डोकं त्यांना तुझं हवंय, आणि तू नाही म्हणशील या भीतीने तोंडाने कधी मागायचे नाहीत. नव्या नोकरीवर रुजू होण्याआधी तू चार दिवस घरी येतोयस. पहिल्याच दिवशी चारचौघांत नीटनेटकं दिसायला हवं, हेही मी जाणते. तरी त्यांच्या हाताची हमी मी देते. तू फक्त एवढंच कर, येताना केस कापून येऊ नकोस.

तुझीच,
आई