फेब्रुवारीतली सून

९ फेब्रुवारी

पोचले. बोटीतून उतरलं कोण, तर मी आणि गॅसच्या टाक्यांचा एक ट्रक. बस्स! धक्क्यावर कुत्रंसुद्धा नाही.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "आर्गीरो, वाळलीस गं," म्हणाल्या. नवऱ्याच्या, स्ट्रातोसच्या वर्षश्राद्धाला मी दरवर्षी येते, आणि त्या दरवर्षी हेच म्हणतात.

या खेपेला त्यांना पिरेयसला, माझ्या घरी, घेऊनच जायचं. ठरवून आलेय. खोली रंगवून ठेवलीय. चौऱ्याऐंशीव्या वर्षी बेटावरच्या या ओसाड गावात एकटीनं कशाला दिवस काढायचे?

१० फेब्रुवारी

वर्षश्राद्ध झालं. चर्चमध्ये पाद्री, सासूबाई, मी, आणि मागच्या बाकावर तीन शेजारणी. उकडलेले गहू वाटले. शेजारणींनी ओंजळ पुढे केली, "देव त्याला शांती देवो" म्हणाल्या आणि पाय न वाजवता निघून गेल्या. इथली माणसं किती हळू बोलतात! कोणाच्या घरातून आवाज म्हणून नाही.

मग कब्रस्तानात. दिव्यात तेल घातलं. स्ट्रातोसला बरंच काही सांगायचं होतं — तिथं उभी राहिले आणि एकही गोष्ट आठवेना.

११ फेब्रुवारी

वारा. कॉफीचं दुकान ईस्टरपर्यंत बंद. धक्क्यावर जाऊन आले. संध्याकाळी पुन्हा जाऊन आले.

१२ फेब्रुवारी

जेवताना शेवटी विषय काढला.

"आई, माझ्याबरोबर चला. खोली तयार आहे."

"आणि कोंबड्या?"

"शेजारणींना देऊन टाका."

"आणि शेजारणी कोणाला देऊ?"

मला हसू आलं नाही. म्हटलं, "हसण्यावारी नेऊ नका. इथं एकट्या पडलायत तुम्ही!"

 त्या उठल्या आणि माझी ताटली धुवायला घेतली. मी अजून जेवत होते!

१३ फेब्रुवारी

लिहायलाच लाज वाटतेय.

दुपारी कब्रस्तानात गेले होते. पाऊस आला म्हणून लवकर परतले. गल्लीच्या तोंडाशीच हसण्याचा आवाज. वाटलं, कोणाचा तरी टीव्ही. आवाज आमच्याच घरातून येत होता. दार ढकललं — त्याच तिघी शेजारणी, टेबलावर पत्ते, राकी दारूचे पेले, आणि सासूबाईंच्या डोळ्यांत हसून हसून पाणी! स्ट्रातोसला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

मला बघितलं आणि सगळ्या चिडीचूप. बाई वर्गात आल्यावर पोरी होतात तशा. त्यांच्यातल्या कालिरोईनं पत्ते एप्रनमध्ये ओढले. "चला गं, निघू या. मारिगोची सून आली."

मी तिला पायरीवर गाठलं. "माझ्यामुळे उठलात?"

"छे गं —"

"खरं सांगा."

"आता काय लपवायचं? मारिगोची ताकीद आहे. सून असेपर्यंत पत्ते नाहीत, खिदळणं नाही. बिचारीला कोणी नाही, म्हणते, तिच्यासमोर आपण हसणं बरं दिसत नाही. तुझी बोट लागली की अख्खी गल्ली तोंड मिटून बसते. आज तू नव्हतीस, म्हणून म्हटलं एक डाव टाकू." मग माझा हात धरून, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. दरवर्षीचंच आहे."

दरवर्षीचंच!

म्हणजे गाव ओसाड नाहीच. माझ्यासाठी गप्प बसतं. मी त्यांची कीव करत येत होते, आणि त्या माझी.

१४ फेब्रुवारी

वाऱ्यानं बोट बंद. अंथरुणातच होते. सासूबाईंनी दाराबाहेर सूप ठेवलं. दार वाजवलं नाही.

१५ फेब्रुवारी

बोट आली. धक्क्यावर सांगून टाकलं, "आई, पुढच्या फेब्रुवारीत मी यायची नाही. माझ्यापायी तुम्ही तोंड बांधून बसता, ते नको."

वाटलं, "काहीतरीच काय बोलतेस!" असं तरी म्हणतील. त्यांनी माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. "बरं," म्हणाल्या.

बरं!

बोटीत मोजकी चार माणसं. खलाशी माझ्या पायांभोवतीनं फरशी पुसून गेला, पाय उचला असंही म्हणाला नाही. रात्री घरी आले. त्या खोलीतून अजून रंगाचा वास येतोय. दार लावून घेतलं.

२२ फेब्रुवारी

सासूबाईंचा फोन! त्या स्वतःहून कधी करत नाहीत. कशी आहेस वगैरे काही नाही, एकदम सुरूच —

"फेब्रुवारीत कोण येतं गं इथं? वेडी कुठली! ईस्टरला ये. कोकरू भाजायचंय, हात कमी पडतात. आणि ते दुखवट्याचं काळं घालून आलीस तर धक्क्यावरूनच परत पाठवीन."

मागे कोणीतरी खदाखदा हसत होतं. सासूबाईंनी तिला गप्प केलं नाही.