आप्पांच्या मरणावर पडदा कोण पाडणार

तीर्थस्वरूप लालाकाका आणि काकू यांना गावाहून विश्वजितचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण महिनाभर जपानी पद्धतीने गुडघे दुमडून बसायची तालीम चालू आहे, त्यामुळे खाली गेलेला माणूस परत वर येईल याची खात्री राहिलेली नाही. तेव्हा उभ्याउभ्याच मानून घ्यावा. काका, तुमची साखर काय म्हणते? काकूंच्या खांद्याला आराम पडला का? इकडे सर्व क्षेम आहे. आप्पा ठणठणीत आहेत. (हे वाक्य मी दोनदा गिरवलं आहे. का ते पुढे येईलच.) फोन न करता पत्र का लिहितोय म्हणाल, तर फोनवर आप्पांचं नाव निघालं की सांगलीतली रेंज जाते आणि काकूंच्या खांद्यावर आलो की परत येते, हे आमच्या ध्यानात आलं आहे. पत्राचं तसं नसतं.

तर तुमच्या सूनबाईंनी यंदा नाट्यस्पर्धेसाठी एक जुनी इंग्रजी शोकांतिका घेतली आहे. एक शूर सेनापती असतो, त्याला तीन चेटकिणी सांगतात की तू राजा होणार. तो घरी येऊन बायकोला सांगतो, आणि तिथेच चुकतो. बायको त्याच्या मागे लागते, आणि मग घरी पाहुणा म्हणून आलेल्या म्हाताऱ्या राजालाच तो झोपेत मारतो. पुढे दोघांचं वाटोळं होतं आणि शेवटी जंगलच चालत किल्ल्यावर येतं. सेनापती मी आणि बायको दीपमाला. (त्यासाठी वेगळी तालीम लागली नाही.) आता हे सगळं दीपमालाने जुन्या काळच्या जपानी सरदारांत नेऊन बसवलं. मी म्हटलं, अगं, आपल्याकडे काय सरदारांचा दुष्काळ आहे? तर म्हणाली, आपल्या सरदाराने झोपलेला राजा मारला असं दाखवलं, की दुसऱ्या दिवशी चार गावचे लोक येऊन त्या सरदाराचं आडनाव विचारतील. जपानहून विचारायला मलकापुरात कोण येतंय? मग मी गुडघे दुमडायला घेतले. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते, तिच्यापुढे एरवीही दुमडावेच लागतात.

झगे आम्ही काठपदराच्या साड्यांचे केले. (काकूंनी लग्नात दिलेली डाळिंबी रंगाची साडी सध्या सेनापतीच्या अंगावर आहे, हे त्यांना सावकाश सांगा.) तलवारी कळकाच्या. प्रश्न आला तो चालत्या जंगलाचा. आपल्या भागात स्टेजभर पुरेल असं जंगल म्हणजे ऊसच. पहिल्या तालमीला सगळ्या सैनिकांच्या हातात शेंड्याच्या वाड्यासकट अख्खे ऊस दिले आणि मागून हळूहळू चालत या म्हणून सांगितलं. ते इतके हळूहळू आले, की किल्ल्याजवळ पोचेपर्यंत निम्मं जंगल चघळून झालं होतं आणि मी भयाने थरथरायचं ते चोयट्या गोळा करत बसलो. आता नुसती वरची वाडी देतो. ती कुणी खात नाही, फक्त तालीम संपल्यावर म्हशींसाठी कुणी न्यायची यावरून सैन्यात फूट पडते.

आता मुख्य गोष्ट. जुन्या जपानी सरदारांच्या कपाळावरचे केस साफ भादरलेले असतात आणि मागे शेंडीसारखी गाठ असते. सुरुवातीला मी टोप लावत होतो, पण दुसऱ्या अंकात घामाने तो भुवयांवर यायचा आणि राजाला मारायला मला चाचपडत आतल्या खोलीत शिरावं लागायचं. शेवटी दीपमाला म्हणाली, खरंच काढ. आणि हो, मिशीही काढ. काका, वडील हयात असताना मिशीला वस्तरा लावायचा नाही, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण डोक्यात स्पर्धा बसली होती. म्हटलं, करून येऊ आणि आप्पांना सवडीने समजावू. मलकापुरातल्या एका न्हाव्याकडे गेलो. त्याने माझं ऐकून घेतलं, काही विचारलं नाही, जड हाताने डोकं पुढून भादरलं, मिशी उतरवली आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला. मला वाटलं, कलेची कदर करणारी माणसं अजून आहेत. मी त्याला दोन्ही हातांनी नमस्कारही केला.

तिथून निघालो तर ऊन मी म्हणत होतं, म्हणून पांढरा टॉवेल डोक्यावरून घेतला. त्यात मागची गाठ झाकून गेली. चेटकिणींच्या अंकासाठी मातीचं मडकं घ्यायचं होतं, ते घेतलं, आणि धरायला सोपं जावं म्हणून दोरी बांधली. फाट्यावर उतरताना चपलेचा अंगठा तुटला, म्हणून चपला पिशवीत टाकल्या. म्हणजे बघा, मिशी नाही, डोक्यावर टॉवेल, हातात दोरीला लटकलेलं मडकं, अनवाणी, आणि तोंडाने सेनापतीचं पश्चात्तापाचं भाषण पुटपुटत मी भर दुपारी गावातून चाललो होतो. पारावरची माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं, नाटकाची बातमी पोचलेली दिसते.

मी दाराशी पोचायच्या आत शेजारच्या साळूबाईंनी गळा काढला. "आवं आप्पासो, आमास्नी टाकून कसं वं गेलासा! असा माणूस गावात हुनार न्हाई वं!" आप्पा आत शेंगा फोडत बसले होते. मी आत शिरलो आणि साळूबाईंना आवरायला घाईने परत बाहेर वळलो, तर आप्पांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "थांब रं. चांगलं बोलतीया, बोलू दे की." माझ्या मिशीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. साळूबाईंनी आप्पांचा दानशूरपणा, आप्पांची शेती, आप्पांनी कधी काळी विहिरीतून काढलेलं त्यांचं रेडकू, सगळं रडून घेतलं. पण पुढे "तोंडानं फटकळ, पर मनात कवा न्हाई ठेवलं" असं म्हटल्याबरोबर आप्पा बाहेर आले आणि विचारू लागले, "फटकळ कोण गं?" साळूबाई ओट्यावरच बसल्या. त्यांना पाणी पाजून होईतो गल्लीतून पिठलं-भाकरीच्या टोपल्या यायला सुरुवात झाली होती. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेल्या त्या भाकरी परत न्यायला कुणी तयार होईना, अपशकुन म्हणून. मग आप्पांनी बाज अंगणात टाकली आणि भेटायला येईल त्याला स्वतःच्या हाताने पिठलं वाढलं. माणसं दारात रडत यायची आणि आप्पांच्या शेजारी बसून जेवून जायची. मिशीवरून मला जे काही सुनवायचं होतं ते आप्पांनी एका वाक्यात सुनावलं, "असं हुनार असंल तर दर साली काढ."

हे सगळं मी हसत लिहितोय, पण संध्याकाळ होत आली तसं आप्पांचं वाढण्यातलं लक्ष उडालं. उठून जाणाऱ्याला जा म्हणेनात, येणाऱ्याला ये म्हणेनात, नुसते फाट्याच्या रस्त्याकडे बघत राहिले. आत आल्यावर म्हणाले, "सगळी आली रं." कोण नाही आलं, ते तुम्हाला सांगायला नको. मला फार वाईट वाटलं, काका. जत्रेतल्या त्या नाटकाची गोष्ट मी लहानपणापासून दोन्ही बाजूंनी ऐकली आहे. आप्पा म्हणतात, मरतानाचं भाषण रंगात आलं असताना लालाने पडदा टाकला, आणि माझे पाय पडद्याबाहेर राहिले ते गावाने बघितले. तुम्ही म्हणता, माणसं घोंगडी झटकून घरी निघाली होती तरी हा मरायचं नाव घेईना, मी काय उजाडेपर्यंत दोरी धरून बसू? मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. पण त्यासाठी दोघा सख्ख्या भावांनी प्रत्येक लग्नात मांडवाच्या दोन टोकांना बसायचं, हे आता पुरे झालं.

असो. दुसऱ्या दिवशी आप्पा तालमीला हजर. म्हणाले, गावात एकदा मेलोच हाय, आता म्हातारा राजा मीच करणार. दीपमालाने सांगून बघितलं की राजा झोपेतच, आणि तोही आतल्या खोलीत मरतो. आप्पा म्हणाले, राजा आहे तो, न बोलता मरायला ती काय कोंबडी आहे? तेव्हा आता जपानचा राजा पोटात तलवार घेऊन उठतो, सेनापतीला चार गोष्टी सुनावतो, शेतीचं सांगतो, आणि रोज कालच्यापेक्षा उशिरा मरतो. घरची खुशाली कळवत जा. काकूंना नमस्कार.

तुमचा,
विश्वजित

ता. क. प्रयोग पुढच्या महिन्यात सांगलीतच आहे. काकूंची जुनी लाकडी मुठीची छत्री जपानी म्हणून चालेल असं दीपमाला म्हणते. तेवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. २. खरं म्हणजे छत्री नको. आपला वडापची जीप चालवणारा दादासो सगळं सांगून गेला आहे. तुम्ही त्या दिवशी बातमी ऐकून कराडच्या स्टँडवर त्याच्या गाडीत बसलात, टॉवेलात तोंड घालून रडत होतात, मांडीवर भडंगाची पिशवी होती, कावळ्याला आप्पांच्या आवडीचं ठेवायचं म्हणून. मग त्याला फोन आला की आप्पा जिवंत आहेत. तुम्ही "बरं झालं, बरं झालं" म्हणत मलकापुरातच उतरलात आणि सांगलीची गाडी धरलीत. काका, मेलेल्या भावाकडे निघाला होतात आणि जिवंत म्हटल्यावर मागे फिरलात? पिशवी तुम्ही गाडीत विसरलात. दादासोने ती "कुणाची तरी राहिलीया" म्हणून आमच्या ओट्यावर ठेवली. आप्पांनी तिची तुमच्या हातची गाठ बघितली, बसून सगळं भडंग संपवलं आणि रिकामी पिशवी घडी घालून उशाखाली ठेवली. आता माझी विनंती. आमच्यात आप्पांवर पडदा पाडायची कुणाची छाती नाही. ती आजवर एकाच माणसाने केली आहे. प्रयोगाला दोरी धरायला या. आणि तालमीला म्हणून आधी चार दिवस गावी या.

ता. क. ३. पाकीट आणायला आत गेलो तेवढ्यात आप्पांनी चष्मा लावून हे पत्र पहिल्यापासून वाचलं. खालचं अक्षर त्यांचं आहे. मी त्यातलं काही खोडलेलं नाही.

लाला, भडंगात लसूण कमी हुता. येताना दुसरं आण. आन या खेपंला माजं पाय आत आल्याबिगर पडदा सोडू नगंस.